लांबचं घर स्वस्त नसतं

मुंबईत नोकरी लागली की गावाकडच्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो घराबद्दल, आणि बहुतेक वेळा तो एकच असतो. ‘दादर-परळ बघूच नकोस. विरारला बघ, बदलापूरला बघ, नाहीतर पनवेलच्या पुढं. भाडं निम्म्याहून कमी, वर स्वतंत्र खोली. पास काढला की झालं. मुंबईत सगळेच प्रवास करतात.’ काका हेच सांगतात, ऑफिसातले जुने लोक हेच सांगतात, एजंट तर सांगतोच. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यातल्या अनेकांनी स्वतः पंचवीस-तीस वर्षं तसा प्रवास करून संसार उभे केलेले असतात. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. जो माणूस नव्यानं शहरात येतोय, एकटा आहे, भाड्यानं राहणार आहे आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात आहे, त्याचं तर या सल्ल्यानं सरळ नुकसान होतं.

आधी त्या सल्ल्याची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. मुंबई शहरातली भाडी नवख्याच्या पगाराच्या आवाक्याबाहेर आहेत, हे खरं आहे. लोकलचा मासिक पास आजही इतका स्वस्त आहे की साठ-सत्तर किलोमीटरचा रोजचा प्रवास काहीशे रुपयांत होतो, हेही खरं. लांबच्या उपनगरात स्वतःचा संडास-बाथरूम असलेली खोली मिळते, खिडकीतून थोडं आभाळ दिसतं, आईवडील चार दिवस राहायला आले तर पथारी पसरायला जागा असते. शिवाय लाखो माणसं तिथं राहतात, मुलांना शिकवतात, घरं घेतात. या सगळ्याला उत्तर दिल्याशिवाय ‘कामाच्या जवळ राहा’ म्हणणं म्हणजे भरल्या पोटी उपदेश करणं होईल. म्हणून उत्तर देतो, आणि सुरुवात पैशांपासूनच करतो, कारण सल्ल्याचा सगळा जोर पैशांवर आहे.

समजा, सांगलीहून आलेली एक मुलगी परळच्या एखाद्या रुग्णालयात नर्स म्हणून रुजू झाली. हातात येणारा पगार २८,००० रुपये, महिन्याला २६ ड्युट्या, प्रत्येकी आठ तासांच्या. तिच्यापुढं दोन जागा आहेत. एक बदलापूर पूर्वेला वन आर-के, भाडं ७,०००. दुसरी लालबागला, तिघींच्या खोलीत एक कॉट, महिना ११,०००, लाइट-पाणी त्यातच. सल्ला देणारा म्हणतो, महिन्याला चार हजार वाचले. आता त्या सात हजारांत बाकीचं मिळवू. वीजबिल सहाशे. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, जाताना वीस आणि येताना वीस, सव्वीस दिवसांचे १,०४०. रेल्वेचा पास साधारण साडेतीनशे. झाले ८,९९०. एजंटची दलाली म्हणजे एका महिन्याचं भाडं. ती करारनाम्याच्या अकरा महिन्यांवर वाटली तर महिन्याला आणखी ६३६. बेरीज ९,६२६. चार हजारांची बचत १,३७४ रुपयांवर आली. यात डिपॉझिट म्हणून अडकलेले पैसे नाहीत, रिकाम्या खोलीत घ्यावे लागणारे गॅस, पंखा, गादी, भांडी नाहीत, आणि दमून परतल्यावर स्वयंपाक न झाल्यामुळे बाहेरून आणलेलं जेवणही नाही.

वेळेचा हिशेब यानंतर येतो. बदलापूर मुंबईच्या टोकापासून अडुसष्ट किलोमीटर आहे. खोलीतून निघून रिक्षाची रांग, फलाटावरचं थांबणं, दादरपर्यंतची फास्ट, मग गाडी बदलून किंवा चालत परळ, हे सगळं धरलं तर एका बाजूचे दोन तास होतात. लालबागहून ती चालत वीस मिनिटांत पोचते. फरक दिवसाला तीन तासांहून जास्त आहे, पण आपण तीनच धरू. सव्वीस दिवसांचे ७८ तास, म्हणजे महिन्याला जवळजवळ दहा जादा ड्युट्या. त्या करून तिला मिळतात १,३७४ रुपये. तासाला अठरा रुपयेसुद्धा नाहीत. रुग्णालय तिच्या एका तासाचे १३४ रुपये देतं, आणि बदलापूरची खोली तोच तास तिच्याकडून अठराला घेते. आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येकानं स्वतःचं भाडं, स्वतःचा पगार आणि स्वतःची लाइन घालून ही बेरीज करावी. बहुतेकांच्या बाबतीत निकाल याच बाजूला झुकेल.

इथं सल्ला देणारे एक नियम पुढं करतात. भाडं पगाराच्या तीस टक्क्यांच्या आत हवं, म्हणतात. २८,०००चे तीस टक्के ८,४००. बदलापूर पास, लालबाग नापास. हा नियम आता इतका रूढ झालाय की तो आला कुठून हे कुणी विचारत नाही. तो अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या कायद्यातून आलेला आहे. सरकारी घरात राहणाऱ्या गरीब भाडेकरूकडून किती भाडं घ्यावं याची मर्यादा तिथं १९६९मध्ये उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांवर बांधली गेली आणि १९८१मध्ये ती तीस टक्के झाली. सरकारनं स्वतःवर घालून घेतलेलं ते बंधन होतं. घर कुठं घ्यावं हे ठरवण्यासाठी तो नियम बनलेलाच नव्हता. त्याच अमेरिकेत शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेनं पुढं दाखवून दिलं की घरखर्च आणि प्रवासखर्च एकत्र धरल्याशिवाय कुठलीही वस्ती स्वस्त की महाग हे कळत नाही, आणि दोन्ही मिळून पंचेचाळीस टक्क्यांची मर्यादा सुचवली. त्या मापानं आपल्या नर्सची मर्यादा १२,६०० होते आणि दोन्ही जागा तिच्यात बसतात. म्हणजे पैशांच्या कसोटीवर लालबाग बाद होत नाही. पैशांनी निकाल लागत नसेल तर तो वेळेनं, जिवानं आणि उद्याच्या वाटचालीनं लावायला हवा.

‘सगळेच प्रवास करतात’ हा पुढचा मुद्दा. सगळे करतात म्हणून ते सोसण्याजोगं ठरत नाही. सकाळी बदलापूरला किंवा डोंबिवलीला गाडीत पाय ठेवता येत नाही म्हणून माणसं आधी उलट दिशेची गाडी पकडून मागं जातात आणि तीच गाडी परत फिरताना बसून येतात. याला लोक ‘डाऊन करून येणं’ म्हणतात. बसायला मिळावं म्हणून अर्धा तास आणखी जातो. ज्यांना तेवढी सवड नसते ते दारात लटकतात. ९ जून २०२५ला सकाळी दिवा आणि मुंब्रा स्थानकांदरम्यान वळणावर कर्जतहून येणारी आणि कसाऱ्याकडे जाणारी अशा दोन लोकल शेजारून गेल्या. दारातली माणसं एकमेकांना घासली, खाली पडली, आणि किमान चौघांचा जीव गेला. ती बातमी झाली कारण एका वेळी अनेक जण पडले. एकेकटी पडणारी माणसं बातमीत येत नाहीत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी दरवर्षी दोन हजारांहून जास्त लोक मरतात, असं रेल्वे पोलिसांचे आकडे सांगतात. हा धोका प्रत्येक प्रवाशाला सारखा नसतो. जो रोज ऐन गर्दीत, लांब पल्ल्याच्या फास्ट गाडीत, जागा नसताना चढतो, त्याच्या वाट्याला तो सगळ्यात जास्त येतो. भाड्याची तुलना करताना हा धोका कुठल्याच रकान्यात लिहिला जात नाही.

जुन्या पिढीनं हे सोसलं, हे मान्य. पण त्यांची परिस्थिती वेगळी होती. नव्वदच्या दशकात विरार-नालासोपाऱ्याला किंवा डोंबिवली-अंबरनाथला जे गेले त्यांतल्या बहुतेकांनी तिथं घर विकत घेतलं. प्रवासाच्या बदल्यात त्यांच्या नावावर भिंती झाल्या. त्यांची नोकरी बँकेत, मंत्रालयात, महापालिकेत, ठरलेल्या वेळेची आणि निवृत्तीपर्यंतची होती. घरी दुसरं माणूस होतं, मुलं शाळेत होती, शेजार होता. आज एकट्यानं येणाऱ्या पंचविशीच्या मुलाकडे यातलं काही नसतं. त्याची नोकरी शिफ्टची, दहा-दहा तासांची, वर्षभरात बदलण्याची शक्यता असलेली. तो भाडेकरू आहे, म्हणून प्रवासाच्या बदल्यात त्याच्या नावावर काही जमा होत नाही. अकरा महिन्यांनी करारनामा संपतो आणि तो होता तिथंच राहतो. वडीलधाऱ्यांनी सोसलं ते उद्याच्या मालकीसाठी. त्याच सोसण्याचा सल्ला आपण आज अशा माणसाला देतोय ज्याला मालकी मिळणारच नाही.

आणि माणूस मोठ्या शहरात येतो कशासाठी? पगार तर कोल्हापूर-नाशिकलाही मिळतो. इथं येतो ते संध्याकाळी एखादा कोर्स करता यावा म्हणून, स्पर्धा परीक्षेची तयारी व्हावी म्हणून, दुसरी चांगली नोकरी कुणाच्या ओळखीनं कळावी म्हणून, नाटक-संगीताची आवड असेल तर तालमीला जाता यावं म्हणून. या सगळ्याला संध्याकाळचे दोन तास लागतात. लांब राहणाऱ्याचे नेमके तेच दोन तास गाडीत जातात. साडेसहाला कुणी म्हणालं, ‘थोडं थांब, साहेबांशी ओळख करून देतो’, की त्याचं लक्ष घड्याळाकडे जातं, कारण ही फास्ट चुकली तर पुढची स्लो आहे. पहिल्या वर्षात ज्या ओळखी आणि जी शिकवणूक मिळायला हवी ती अशी हातची जाते, आणि ते नुकसान मागाहून कुठल्याच पगारवाढीत भरून निघत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी कडक आहे. दुसरी शिफ्ट रात्री दहाला सुटली तर लांबच्या उपनगरात पोचायला मध्यरात्र होते, तेव्हा शेअर रिक्षा मिळेलच याची खात्री नसते, आणि घरून फोन येतो की असली नोकरी नको, परत ये. किती मुलींच्या नोकऱ्या कामामुळे नव्हे तर अंतरामुळे सुटल्या, याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

‘पण कॉटवर कसलं आयुष्य? निदान खोली तरी आपली हवी,’ हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो, म्हणून त्याला सावकाश उत्तर देतो. या शहराचा इतिहास पाहिला तर नवख्या माणसाला मुंबईनं फार काळ कामाच्या जवळच ठेवून घेतलं होतं. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या खोल्या असत. गावच्या मंडळानं घेतलेली एक खोली, तीत पंधरा-वीस पुरुष, एक पाळी कामाला गेली की दुसरी तिथं झोपायची. भोंगा झाला की चालत गिरणीत. जेवण खानावळीत, आणि ती खानावळ बहुधा एखादी कामगाराची बायको घरातच चालवायची. याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोव्याहून जहाजावर नोकरी शोधायला आलेली माणसं धोबी तलाव आणि आसपासच्या आपापल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक मुक्कामाच्या जागेत, उतरायची. महिन्याला थोडे पैसे, एक पेटी ठेवायला जागा, आणि बंदर जवळ. ती व्यवस्था आरामाची मुळीच नव्हती. गर्दी होती, आजार होते, एकट्या बायकांना तर या खोल्यांत जागाच नव्हती. तिचा गौरव करायचा हेतू नाही. पण हजारो खेडुतांना तिनं शहरात पाय रोवू दिले, कारण तिनं त्यांचा वेळ खाल्ला नाही. कामावरून सुटलेला माणूस तालमीत, भजनात, युनियनच्या सभेत, रात्रशाळेत जाऊ शकत होता. कॉट ही कायमची सोय म्हणून मी सुचवत नाही. पहिली एक-दोन वर्षं, शहराची नस कळेपर्यंत, पगार वाढेपर्यंत आणि ज्यांच्यासोबत फ्लॅट घेता येईल अशी दोन-तीन माणसं भेटेपर्यंत, तीच जास्त शहाणपणाची जागा आहे.

यापुढचा मुद्दा जास्त गंभीर आहे. लांबच्या काही वस्त्यांतली घरं स्वस्त का आहेत, हे सल्ला देणारे विचारत नाहीत. काही ठिकाणी कारण फक्त अंतर असतं. पण काही ठिकाणी इमारतच परवानगीविना उभी असते. ४ एप्रिल २०१३ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. ऑगस्ट २०२५मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट पडली, त्यात १७ जण गेले. तीही अनधिकृतच होती. २०२५च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात न्यायालयाच्या आदेशानुसार ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या आणि त्यांत राहणारी कुटुंबं रस्त्यावर आली. कल्याण-डोंबिवलीत खोट्या कागदांवर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्या पाडण्याचे आदेश झाले. या इमारतींत राहणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांना नळ दिसत होता, मीटर दिसत होता, घरपट्टीची पावती दिसत होती. नवख्या भाडेकरूला तर एवढंही तपासायची सवड नसते. भाडं कमी, ताबा लगेच, की तो पेटी घेऊन येतो.

त्यातच ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आहे. मालक चार-सहा लाख एकरकमी घेतो आणि महिन्याचं भाडं माफ करतो. गावाकडचे वडील दागिना मोडून किंवा एफडी मोडून ही रक्कम देतात, कारण ‘भाडं वाचलं’ हे ऐकायला चांगलं वाटतं. इमारतीवर कारवाई झाली किंवा मालकानं फ्लॅटवर कर्ज काढलेलं निघालं, तर ते पैसे परत मिळवायला भाडेकरूला वर्षानुवर्षं चकरा माराव्या लागतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात खोटा आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्क्याच्या हिशेबानं, नोंदणी फी शहरी भागात हजार रुपये, आणि सगळं ऑनलाइन होतं. तरीही ‘नोटरी करून देतो, चालतंय’ असं म्हणणारा एजंट भेटला तर तिथून निघावं. ज्या मालकाला कागदावर नाव नको आहे त्याच्याकडे तसं कारण असतं.

पाण्याचंही असंच. वसई-विरार पट्ट्यातल्या कित्येक सोसायट्या वर्षाचे बरेच महिने टँकरवर चालतात आणि तो खर्च भाड्याच्या आकड्यात दिसत नाही. बदलापूर-वांगणीच्या सखल भागांत उल्हास नदीचं पाणी शिरतं. जुलै २०१९मध्ये याच पट्ट्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. तळमजल्याची खोली शेजारच्या इमारतीतल्या खोलीपेक्षा हजार-दीड हजारानं स्वस्त का, याचं उत्तर पावसाळ्यात मिळतं.

आणखी एक आशा दाखवली जाते. ‘आज लांब आहे, उद्या मेट्रो येईल, नवी लाइन येईल, मग बघ.’ मेट्रो येते हे खरं. पण तिच्यामुळे वाढणारी किंमत मालकाच्या खिशात जाते. भाडेकरूच्या वाट्याला येतं ते पुढच्या करारनाम्यातलं वाढीव भाडं. जो तीन वर्षं मेट्रोच्या धुळीतून प्रवास करतो, तोच मेट्रो सुरू झाल्यावर आणखी एक स्टेशन पुढं सरकतो. घर विकत घेणाऱ्यानं हा विचार जरूर करावा. भाड्यानं राहणाऱ्यानं आज जी गाडी चालू आहे तिच्याच भरवशावर घर घ्यावं.

लांबचं घर कुणासाठीच योग्य नाही, असं मी म्हणत नाही. ज्याची नोकरीच अंबरनाथ एमआयडीसीत, भिवंडीच्या गोदामात, वसईच्या कारखान्यात किंवा तारापूरला आहे, त्याच्यासाठी ते जवळचं घर आहे. ज्याचं काम आठवड्यातले चार दिवस घरूनच चालतं त्याचा हिशेबही बदलतो. दोघं कमावणारे आहेत, मुलं आहेत, घर कायदेशीर आहे आणि स्वतःचं आहे, त्यांनी समजून-उमजून प्रवास पत्करला तर तो त्यांचा निर्णय आहे. माझं भांडण आहे ते नवख्याला नकाशा उघडून न बघता लांबच्या गाडीत बसवून देण्याशी.

त्याऐवजी सुरुवात कामाच्या जागेपासून करावी. कामाच्या ठिकाणापासून एका गाडीत किंवा एका बसमध्ये, मध्ये न बदलता, दारापासून दारापर्यंत पाऊण तासात येणाऱ्या वस्त्या आधी कागदावर लिहाव्यात. लोअर परळ-वरळीला काम असेल तर लालबाग, करी रोड, वरळी कोळीवाडा. सीप्झ किंवा अंधेरी पूर्वेला असेल तर मरोळ आणि जोगेश्वरी. वांद्रे-कुर्ला संकुलात असेल तर कुर्ला आणि सायन. ऐरोली-महापेला असेल तर घणसोली-कोपरखैरण्याची गावठाणं, जिथं खोल्या शहरातल्या मानानं बऱ्याच स्वस्त मिळतात. मात्र तिथंही इमारतीला परवानगी आहे का, हे विचारायलाच हवं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये काम असेल तर किसननगर-लोकमान्यनगर. या यादीतली भाडी कॉटच्या किंवा वाटून घेतलेल्या खोलीच्या हिशेबानं बघावीत. त्यात बसलं नाही तरच एक-एक स्टेशन पुढं जावं, आणि प्रत्येक स्टेशनामागं किती तास वाढतात ते लिहावं.

जागा बघायला रविवारी दुपारी जाऊ नये. कामाच्या दिवशी सकाळी आठला त्या खोलीपाशी उभं राहून ऑफिसपर्यंत जाऊन बघावं, आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत यावं. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, हे एजंटला न विचारता खालच्या किराणा दुकानदाराला किंवा भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारावं. त्या खरं सांगतात, कारण त्यांची दलाली नसते. पहिला करार कमीत कमी मुदतीचा, कमीत कमी डिपॉझिटचा आणि नोंदणीचा करावा. शहरात सहा महिने काढल्यावर जे कळतं ते गावात बसून कुणालाच कळत नाही, म्हणून पहिल्याच फेरीत स्वतःला बांधून घेऊ नये.

हे सगळं सांगताना एक गोष्ट दडवता येणार नाही. जवळची वस्ती निवडण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं नसतं. मुसलमान आहे म्हणून, आडनाव ऐकून, मांस-मासे खाता म्हणून, एकटी मुलगी आहे म्हणून, ‘बॅचलर’ आहे म्हणून सोसायट्या खोली नाकारतात, आणि मग तो माणूस लांब जातो. त्याला ‘लांब राहा, स्वस्त पडतं’ म्हणणं म्हणजे नकाराला बचतीचं नाव देणं. तसंच सरकारचं. २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालानं २०११च्या जनगणनेच्या आधारे दाखवलं की मुंबईत जवळपास पावणेपाच लाख घरं रिकामी पडून होती. घरं होती, पण ती भाड्यानं मिळत नव्हती. नोकरी करणाऱ्या मुलींची वसतिगृहं गरजेच्या मानानं अगदीच थोडी आहेत, आणि भाड्याची परवडणारी घरं बांधणं हे काम सरकारी यंत्रणांनी अलीकडच्या काळात फारसं मनावर घेतलेलं नाही. त्यांचा सगळा भर विक्रीच्या लॉटरीवर. नवखा माणूस पहिल्या दिवशी घर विकत घ्यायला येत नसतो. त्याला दोन वर्षं राहायला जागा हवी असते.

गिरणी कामगारांनी हे शहर उभं केलं. त्यांना आणि त्यांच्या वारसांना घरं द्यायची वेळ आली तेव्हा बदलापूरच्याही पुढच्या शेलू-वांगणीचा पर्याय पुढं आला. जुलै २०२५मध्ये ते आझाद मैदानावर जमले आणि म्हणाले, आम्हाला घर मुंबईतच हवं. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी विचार करावा. अंतराची किंमत या शहरात त्यांच्याहून चांगली कुणाला ठाऊक असणार? कामाशेजारच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांच्या पिढ्या वाढल्या आणि त्याच खोलीच्या जिवावर त्यांनी पोरं शिकवली.

म्हणून यापुढं घरातल्या मुलाला-मुलीला मुंबईत नोकरी लागली तर ‘स्वस्त कुठं मिळेल’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न ‘दिवसाचे किती तास त्याच्या हातात राहतील’ हा विचारा. त्यासाठी महिन्याला दीड-दोन हजार जास्त लागत असतील आणि घरून देता येत असतील, तर पहिलं वर्ष ते द्या. हेवी डिपॉझिटसाठी दागिना मोडण्यापेक्षा तो पैसा हजार पटींनी सत्कारणी लागेल. आणि नगरसेवक, आमदार मत मागायला आले की त्यांना उड्डाणपुलाबरोबर हेही विचारा की आमच्या मुलांना दोन वर्षं भाड्यानं राहायला या शहरात जागा कुठं आहे. त्याचं उत्तर देणं त्यांचं काम आहे, आणि ते मिळेपर्यंत विचारत राहणं आपलं.